लुटीपाशी थांबलेली फौज

१२०२ साली खाल्खा नदीच्या मुलखात तातार टोळ्यांशी लढाई जुंपण्याआधी तेमुजीनने, म्हणजे पुढच्या चंगीझखानाने, आपल्या माणसांना हुकूम दिला. शत्रूची फळी फुटली तरी लुटीसाठी कोणी थांबायचं नाही. जिंकलो की लूट आपलीच आहे, ती मागाहून वाटून घेऊ. मागे हटावं लागलं, तर जिथून हल्ला सुरू केला त्या जागी परत यायचं. जो परत येणार नाही, त्याचं डोकं उडवलं जाईल. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मंगोलांच्या स्वतःच्या तेराव्या शतकातल्या बखरीत हा हुकूम नोंदलेला आहे.

जे रोज घडतं ते थांबवायलाच हुकूम काढावा लागतो. त्यामुळे या हुकुमावरून तोवरची सगळी लढाई कशी चालायची ते दिसतं. फळी फुटली की घोडेस्वार तंबूंकडे आणि कळपांकडे वळत. मागे हटलेला माणूस परत येत नसे, तो आपल्या घरच्या पडावाकडे निघून जाई.

चंगीझखानाची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत, व्याख्यानांत आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींत दोन पद्धतींनी सांगितली जाते. एक तर लाखोंच्या रानटी झुंडी वाळवंटातून उसळल्या आणि जग बुडवून गेल्या. नाहीतर एका विलक्षण माणसाने घोडेस्वार तिरंदाजांची नवीच युद्धकला घडवली. माझ्या मते या दोन्ही मांडण्या चुकीच्या आहेत, आणि त्या कुठे चुकतात हे तेमुजीन चंगीझखान झाला त्या १२०६ सालाच्या आधीच्या लढाया बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. धनुष्य, घोडा, पळून जाण्याचं सोंग, दहा-शंभर-हजारांची मोजणी हे सारं चंगीझच्या आधी हजार-दीड हजार वर्षं होतं, आणि त्याच्याकडून हरलेल्यांकडेही होतं. जिंकलेली लढाई शेवटपर्यंत नेणारी व्यवस्था मात्र कोणाकडेच नव्हती. ती नसण्याचं कारण रानटीपणात शोधायचं कारण नाही. त्यामागे अगदी सरळ हिशोब होता.

आधी धनुष्य पाहू, कारण सगळ्यांत भाबड्या समजुती त्याच्याभोवती आहेत. स्टेपमधलं, म्हणजे या टोळ्यांच्या विस्तीर्ण गवताळ मैदानातलं, धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी नव्हे. मध्ये लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या आणि बाहेरच्या पाठीवर जनावराच्या पायातल्या कंडरांचे धागे, अशी त्याची रचना असते. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते. म्हणून घोड्यावर मान ओलांडून डावी-उजवीकडे फिरवता येईल इतकं आखूड धनुष्य लांब धनुष्याइतकी ताकद साठवू शकतं. कंडरा वाळवून कुटायच्या, धागे विंचरायचे, ते सरसात भिजवून थरावर थर बसवायचे. सरस माशाच्या पोटातल्या फुग्याचा किंवा कातडं उकळून केलेला. प्रत्येक थर सावलीत सावकाश वाळू द्यावा लागतो. घाई केली तर वरचा थर सुकतो, आतला ओला राहतो, आणि पहिल्याच जोरदार ओढीला पाठ सुटून येते. त्यामुळे एका धनुष्याला कित्येक महिने, बऱ्याचदा वर्ष लागतं. वरून भूर्जाची साल गुंडाळायची ती ओल आत जाऊ नये म्हणून. ओल लागली की सरस मऊ पडतो, धनुष्याला पीळ बसतो आणि तीर सरळ जात नाही.

असं हत्यार पडावातल्या पडावात आठवड्याभरात तयार करता येत नाही. पराभवात शंभर धनुष्यं गेली, तर ती भरून काढायला पुढचं वर्ष उजाडतं. जिंकणाऱ्याचे डोळे आधी त्यांच्यावर का जातात, हे यावरून समजावं.

आता तीर. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मंगोल स्वाराकडे ६० तीर असल्याचं लिहिलं आहे: ३० लहान, लांब पल्ल्याचे, आणि ३० जड, रुंद पात्याचे. साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातला हा आकडा. त्याआधीच्या टोळीतल्या साध्या माणसाकडे याहून जास्त असण्याचं कारण नाही. मिनिटाला सहा तीर सोडले तर ६० तीर दहा मिनिटांत संपतात. म्हणजे चित्रपटात दिसतो तसा तासन्‌तास चालणारा बाणांचा पाऊस शक्यच नव्हता. एक तुकडी दौडत पुढे जायची, थोडे तीर सोडायची, वळून मागे यायची, मग दुसरी पुढे जायची. लांबून सोडलेला तीर घोडा जखमी करतो, माणसाला बेजार करतो. चिलखत फोडायचं तर खूप जवळ जावं लागतं. लढाई संपल्यावर ज्याच्या ताब्यात मैदान, तोच तीर गोळा करणार. इ. स. पूर्व ५३ मध्ये कार्‍ही इथे पार्थियन सरदार सुरेनाने रोमनांचा धुव्वा उडवला, तेव्हा त्याच्यामागे तिरांनी लादलेल्या उंटांचा तांडा होता. तिरंदाज रिकामे होत आणि परत भरून येत, म्हणून ती लढाई दिवसभर चालली. असा तांडा उभा करायला मोठा सरंजाम लागतो. ओनोन आणि केरुलेन नद्यांच्या काठावरच्या मंगोल टोळ्यांकडे तो नव्हता.

घोड्यांचं गणित याहून कडक आहे. मंगोल घोडा खांद्यापाशी १२० ते १४० सेंटिमीटर. दाण्यावर पोसलेला नाही, बारमाही गवतावर जगणारा, बर्फ खुरांनी खरवडून खाणारा. म्हणून तो कुठेही जातो असं म्हणतात. ते खरं आहे, पण वेळ काढून. त्याला दिवसाचा मोठा भाग चरायला लागतो. एका घोड्याला सुक्या चाऱ्याच्या हिशोबाने रोज सहा-सात किलो आणि किमान वीस लिटर पाणी धरा. माणशी तीन घोडे घेऊन निघालेल्या ३०० स्वारांच्या टोळीला रोज सहा टनांच्या आसपास गवत आणि १८,००० लिटर पाणी लागतं. एखाद्या ओढ्याकाठी ते सहज मिळतं. दहा हजार स्वार निघाले, तर तोच आकडा दिवसाला २०० टनांच्या आसपास जातो. मग फौज पसरावी लागते, आणि पसरली की एकत्र आणायला दिवस जातात. बखरीतले तीस-तीस, चाळीस-चाळीस हजारांचे आकडे म्हणूनच मला पटत नाहीत. ते पोवाड्यातले आकडे आहेत.

ऋतूचंही बंधन होतं. हिवाळ्यानंतर घोड्यांच्या फासळ्या मोजता येतात. वसंतात मोहीम काढणं म्हणजे घोडे मारणं. उन्हाळाभर चांगल्या गवतावर सोडलेला घोडा शरदात तयार होतो, पण तोही लगेच नाही. १२३० च्या दशकात मंगोलांकडे आलेल्या चिनी दूतांनी ही पद्धत टिपून ठेवली आहे. पश्चिमेचा वारा सुटला की घोडे पकडून तंबूभोवती बांधायचे आणि महिनाभर गवत-पाणी बेताने द्यायचं. सुटलेली चरबी उतरते, अंग घट्ट होतं, आणि मग घोडा लांबच्या दौडीतही घामाने निथळत नाही. हिरवं गवत खाऊन फुगलेल्या घोड्यावर तसंच स्वार होऊन निघालं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो धापा टाकत बसतो.

हत्यार आणि घोडा, दोन्ही बाबतींत मेर्कित, तातार, केराइत, नाइमान आणि मंगोल या टोळ्यांत ठळक फरक नव्हता. मग लढत कशासाठी?

बहुतेक वेळा कळपांसाठी, बायकांसाठी आणि सुडासाठी. तेमुजीनच्या बापाने, येसुगेईने, होएलुनला मेर्कितांच्या नवरदेवाकडून वाटेत पळवलं. वीसएक वर्षांनी तीन मेर्कित सरदार ३०० माणसं घेऊन पहाटे आले आणि तेमुजीनची बायको बोर्ते हिला घेऊन गेले. जामुखा हा तेमुजीनचा बालपणीचा मित्र आणि पुढचा प्रतिस्पर्धी. त्याच्या नात्यातल्या एकाने तेमुजीनच्या माणसाचे घोडे पळवले, ज्याचे गेले त्याने रात्री एकट्याने पाठलाग करून चोराला तिराने मारलं, आणि त्यातून दालान बालजुतची मोठी लढाई उभी राहिली. मारून टाकण्यापेक्षा घेऊन जाणं हा इथल्या युद्धाचा मूळ हेतू होता. शत्रू समूळ संपवण्याची गरज कोणाला वाटत नसे. त्याचे घोडे आपल्याकडे आले की पुढच्या वर्षी तो पाठलागाला येऊच शकत नाही, एवढं पुरे होतं.

बोर्तेला सोडवायला गेलेल्या मोहिमेचं वर्णन तपशिलाने उरलं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. केराइतांचा खान तोघरुल आणि जामुखा, दोघांनी फौज द्यायची, भेटीची जागा आधी ठरलेली. तोघरुल आणि तेमुजीन तीन दिवस उशिरा पोहोचले. जामुखा संतापला: वादळ असो, पाऊस असो, दिलेल्या वेळी यायचं हे आपलं ठरलेलं नव्हतं का? हा राग मानपानाचा नव्हता. एका जागी थांबलेली फौज तिथलं गवत खाऊन संपवते, आणि प्रत्येक दिवसागणिक बातमी फुटण्याची शक्यता वाढते. पुढे किल्खो नदी त्यांनी गवताच्या मोळ्यांचे तराफे बांधून रात्रीत ओलांडली. तरी बातमी फुटलीच. नदीकाठी मासे धरणाऱ्या आणि सेबल नावाच्या केसाळ जनावराची शिकार करणाऱ्या माणसांनी रातोरात दौडत जाऊन मेर्कितांना सावध केलं. सरदार थोड्या लोकांनिशी निसटला, त्याचे लोक मात्र सापडले. तेमुजीनने पळणाऱ्या गर्दीत बोर्तेला ओळखलं ते चांदण्यात. चांदण्याचा हा उल्लेख सहज आलेला नाही. इ. स. पूर्व १०० च्या सुमारास चिनी इतिहासकार सिमा च्यान याने शिओंग्नू टोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे की चंद्र वाढत असताना ते चढाई करतात आणि उतरू लागला की माघार घेतात. रात्रीचा छापा चंद्राशिवाय घालता येत नाही.

या युद्धाचा सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे घर. मराठी वाचकाला ‘बुणगे’ हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. पानिपतावर फौजेमागच्या बाजारबुणग्यांनी काय अडचण केली ते आपण जाणतो. स्टेपमध्ये बुणगे म्हणजे सगळी जमात: बायका, म्हातारे, शिंगरं, मेंढ्या, गाड्या, नमद्याचे तंबू. त्याला ते आऊरुख म्हणत. पूर्वी धोक्याच्या काळात सगळे तंबू वर्तुळात लावत आणि मधोमध सरदाराचा तंबू असे. या वर्तुळाला खुरियेन असं नाव होतं. वर्तुळाने रक्षण होतं, पण हजार तंबूंची जनावरं एका ठिकाणी चार दिवसांवर चरू शकत नाहीत. विखुरलं तर चारा मिळतो आणि छापा पडतो. हा पेच कोणालाच सुटलेला नव्हता. ११९६ च्या सुमारास तेमुजीन तातारांवर गेला असताना जुर्किनांनी त्याच्या मागे राहिलेल्या पडावावर हात टाकला. ५० जणांचे कपडे उतरवले, १० जणांना मारलं. जुर्किन म्हणजे परके कोणी नव्हते, त्याचेच भाऊबंद. ज्याचं घर असं उघड्यावर आहे तो माणूस आठ-दहा दिवसांच्या वाटेवर पाठलाग करत जाईलच कसा?

(आपण ‘कूच’ म्हणतो तो शब्द फारसीतून आला आणि फारसीत तुर्कीतून. तिथे त्याचा अर्थ बिऱ्हाड हलवणं असा आहे. लढायला निघणं आणि घर हलवणं यांच्यात त्या मुलखात फारसं अंतर नव्हतं.)

समोरासमोरच्या मोठ्या लढाया क्वचित होत, आणि त्या जमातवार लढल्या जात. १२०३ मध्ये खालाखाल्जिदच्या वाळूत तोघरुलने, म्हणजे आता ओंग खान झालेल्या जुन्या मित्राने, तेमुजीनवर चाल केली. त्याचा क्रम ठरलेला होता. आधी जिर्गिन, मग तुमेन तुबेगेन, मग ओलोन दोंखाइत, त्यांच्यामागे खानाचे हजार पहारेकरी आणि शेवटी मुख्य गोल. म्हणजे एकेक कुळ लाटेसारखं येणार, दमलं की पुढचं येणार. समोर तेमुजीनकडून उरुउत आणि मांगुत ही दोन कुळं उभी राहिली. वळताना, घोळक्यात सापडल्यावरसुद्धा त्यांची रांग मोडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी एकेक लाट परतवली. मग उरुउतांच्या जुर्चेदेईचा तीर ओंग खानाच्या मुलाच्या, सेंगुमच्या, गालात लागला. तो पडला आणि केराइत लढाई सोडून त्याच्याभोवती जमले. लढाई तिथेच संपली. तेमुजीन रात्रीच दूर गेला. पुढे त्याने माणसं मोजली तेव्हा २,६०० भरली.

एका माणसाच्या गालावरच्या जखमेने एवढी फौज थांबते, याला कारण आहे. कुळ सरदारासाठी लढत होतं, खानाच्या योजनेसाठी नव्हे. सरदार मेला तर कोणाशी बांधलेले आहोत हा प्रश्न लगेच उभा राहतो.

त्याआधी दोन वर्षं, १२०१ मध्ये, तेमुजीनच्या विरोधकांनी जामुखाला ‘गुर खान’, म्हणजे सगळ्यांचा खान, म्हणून निवडलं होतं. कोयितेनला गाठ पडली. त्यांच्यातल्या दोघांनी पाऊस आणायचा जादूचा विधी केला, वादळ उलटून त्यांच्याच अंगावर आलं, आणि फौज विखुरली. वादळाबद्दल काय मानायचं ते मानावं. पुढची नोंद मात्र निःसंशय महत्त्वाची आहे: परत जाताना जामुखाने ज्यांनी त्याला खान केलं त्यांचेच पडाव लुटले. जामुखा मूर्ख नव्हता. त्याच्या काळातला तो बहुधा सर्वांत तल्लख सेनानी होता. युती मोडली आहे, मोहीम रिकाम्या हाताने संपली आहे, माझ्याबरोबर आलेल्या माणसांना मी काही दिलं नाही तर उद्या ते दुसऱ्याकडे जातील, हा विचार त्याने केला असणार. त्या जगात तो बरोबर होता.

सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. टोळीतला स्वार स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या धनुष्याने लढतो. त्याला पगार नाही. मराठी शब्दांत सांगायचं तर स्टेपमधला प्रत्येक माणूस शिलेदार होता, बारगीर कोणीच नव्हता. मोहिमेत त्याचा घोडा मेला तर नुकसान त्याचं. ते भरून निघणार ते फक्त स्वतःच्या हाताने घेतलेल्या लुटीतून. अशा माणसासमोर शत्रूची फळी फुटते तेव्हा दोन वाटा असतात. एकीकडे मोकळा कळप दिसतो, दुसरीकडे पळणारा सरदार, ज्याला मारण्यात जीव जाण्याचा धोका आहे आणि मारला तरी फायदा खानाचा. कळपाकडे वळणारा माणूस बेशिस्त म्हणायचा का? सिमा च्यान शिओंग्नूंबद्दल हेच लिहितो. शत्रूचं डोकं आणणाऱ्याला पेलाभर दारू मिळते, हाती लागलेला माल त्याचाच होतो, पकडलेली माणसं त्याचे गुलाम होतात. म्हणून फायदा दिसला की ते पक्ष्यांसारखे जमतात आणि अडचण आली की कौलं फुटावीत, ढग विरावेत तसे पांगतात. आपल्या मेलेल्या साथीदाराचं प्रेत जो परत आणेल त्याला मृताची मालमत्ता मिळे, हीसुद्धा त्याचीच नोंद आहे. प्रेतं परत यावीत यासाठीही मोबदला ठेवावा लागत होता.

याचा परिणाम असा की लढाया होत राहत आणि निकाल लागत नसे. तेमुजीनच्या आधीच्या पिढ्यांतला मंगोलांचा खान आंबाघाई याला तातारांनी पकडून उत्तर चीनच्या जिन सम्राटाच्या हवाली केलं. बोटांची नखं झिजेपर्यंत माझा सूड घ्या, असा त्याने निरोप पाठवला. त्याच्यानंतर खुतुलाने खान झाल्यावर तातारांशी तेरा लढाया केल्या. बखर स्वच्छ लिहिते की तेरा वेळा लढूनही सूड घेता आला नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. टोळ्या एक झाल्या नाहीत त्याचं कारण लूट नसून उत्तर चीनमधली जिन राजवट होती, असं म्हणता येईल. जिन दरबार एका टोळीला दुसरीवर सोडत असे, सरहद्दीवर त्याने मातीचे लांबच लांब तट घातले होते, आणि जी टोळी जड होईल तिच्याविरुद्ध हलक्या टोळीला हाताशी धरत असे. ११९६ मध्ये हेच घडलं. जिन सेनापती वान्यान श्यांग तातारांना हुसकावत उल्जा नदीकडे आला. तोघरुल आणि तेमुजीन दुसरीकडून चालून गेले. तातारांनी लाकडी कोट घालून आसरा घेतला होता, तो फोडून त्यांचा प्रमुख मारला. लुटीत चांदीचा पाळणा आणि मोती जडवलेली दुलई मिळाली. तोघरुलला ‘वांग’ ही पदवी मिळाली, त्यावरून तो ओंग खान झाला. तेमुजीनला एक दुय्यम हुद्दा मिळाला. जिनांचा हात होताच, हे मान्य. पण त्यांच्या या खेळाला यश का येत होतं? पदवी, रेशीम आणि चांदी मिळाली की सरदाराला आपल्या माणसांना वाटायला काहीतरी मिळे. वाटपावर उभ्या असलेल्या निष्ठेला बाहेरून विकत घेणं सोपं होतं. आक्षेप खोडून निघत नाही, पण तो मूळ कारणाच्या आतच बसतो.

आपल्याकडे आणखी एक तुलना हमखास होते: स्टेपची लढाई म्हणजे गनिमी कावाच. सडी फौज, छापा, हूल देऊन मागे ओढणं, एवढं सारखं आहे. बाकी पाया वेगळा. मराठ्यांकडे गड होते, महसूल देणारी शेती होती, माघारीची पक्की जागा होती. स्टेपमध्ये यातलं काहीच नव्हतं. तरी एका ठिकाणी तुलना खरोखर उपयोगी पडते, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची शिस्त सांगितली आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी करायची, परत आल्यावर झडती घ्यायची, जास्त निघालेलं सरकारात जमा करायचं किंवा पगारातून वळतं करायचं. फौजेत सरकारी घोड्यावरचे बारगीर आणि स्वतःच्या घोड्यावरचे शिलेदार वेगवेगळे. लूट स्वाराच्या हातून काढून सरकारच्या हाती घेणं, हा दोन्हीकडचा कळीचा बदल आहे. शिवाजी महाराजांनी तो वेतनाच्या जोरावर केला. तेमुजीनकडे द्यायला पगार नव्हता, म्हणून त्याला तो शिरच्छेदाच्या धाकावर आणि पुढच्या वाटपाच्या भरवशावर करावा लागला. युक्त्यांच्या तुलनेपेक्षा ही तुलना आपल्याला जास्त शिकवते.

१२०४ च्या नाइमानांवरील मोहिमेत जुनं आणि नवं शेजारी-शेजारी दिसतं. मोहीम उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघाली, मंगोलांचे घोडे रोड होते, आणि नाइमानांच्या पहारेकऱ्यांनी पकडलेल्या एका हडकुळ्या घोड्यावरून ते त्यांना कळलंही. मंगोलांनी मग घोडे चरायला सोडले आणि प्रत्येक माणसाने रात्री पाच-पाच शेकोट्या पेटवल्या, म्हणजे संख्या मोठी वाटावी. नाइमानांच्या तायांग खानाने यावर जी योजना सुचवली ती अगदी बिनचूक होती. आपण अल्ताईच्या पलीकडे हटत जाऊ, त्यांना मागे ओढत नेऊ, आपले धष्टपुष्ट घोडे हटता हटता कसले जातील, त्यांचे रोड घोडे थकतील, मग वळून मारू. शेकडो वर्षांचं स्टेपचं शहाणपण या एका बेतात आहे. पण त्याच्या मुलाने आणि सरदारांनी बाप बाईसारखा घाबरला म्हणून हिणवलं, आणि खानाला पुढे जावं लागलं. त्याच्याकडे ज्ञान होतं, हुकूम पाळून घेण्याची ताकद नव्हती.

तेमुजीनने निघण्याआधी खाल्खाकाठी माणसं मोजून हजार, शंभर आणि दहा अशा गटांत बांधली. रात्रीचे ८० आणि दिवसाचे ७० पहारेकरी नेमले. लढाईच्या हालचालींना सोपी नावं होती: झुडपासारखं विखरून चालायचं, तळ्यासारखं पसरून उभं राहायचं, पटाशीसारखं एका जागी घुसायचं. दहाची मोजणी शिओंग्नूंपासून होती, जिनांच्या जुर्चेन फौजेतही हजारांचे आणि शेकड्यांचे गट होते. नवीन काय, तर हे गट कुळांच्या सीमा ओलांडून बांधले जाऊ लागले. हरलेल्या केराइतांना एकत्र राहू दिलं नाही, त्यांना वाटून टाकलं. १२०६ च्या ओनोनकाठच्या सभेनंतर अशा ९५ हजारी नेमणुका झाल्या आणि पहारा १०,००० चा झाला. आपला गट सोडून दुसऱ्या गटात जायची कोणालाही मुभा उरली नाही.

याची किंमतही सांगायलाच हवी. १२०२ च्या विजयानंतर तातारांचे जे पुरुष गाडीच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असतील ते सगळे मारायचे, असं ठरलं. हा बेत तेमुजीनचा सावत्र भाऊ बेलगुतेई याच्या तोंडून फुटला. तातारांनी बाहीत सुऱ्या लपवल्या, मरायचंच तर उशाला एकेक शत्रू घेऊन मरू म्हणत ते लढले, आणि मंगोलांचंही मोठं नुकसान झालं. बेलगुतेईला त्यानंतर मसलतीत बसायला बंदी झाली. जुन्या व्यवस्थेत हरलेली टोळी घोडे गमावायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहायची. नव्या व्यवस्थेत ती नाहीशी होऊ लागली. निर्णायक विजय हवा, असं सहज म्हणणाऱ्यांनी त्या विजयाचा हा चेहराही पाहावा.

मंगोलियातच या इतिहासाने टोकं पाहिली आहेत. १९६२ मध्ये चंगीझच्या जन्माची आठशे वर्षं साजरी करण्यात पुढाकार घेणारे पक्षनेते तोमोर-ओचिर यांना सोविएत दबावाखाली पदावरून जावं लागलं. २००८ मध्ये त्याच देशात चंगीझचा ४० मीटर उंच अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आपला तसा राजकीय संबंध नाही, म्हणून आपल्याला हा इतिहास शांतपणे वाचता यायला हवा. आपल्या भाषेत ‘नोकर’ आणि ‘बहादूर’ हे शब्द त्याच गवताळ मुलखातून फारसीच्या वाटेने आले आहेत. नोकेर म्हणजे आपलं कुळ सोडून, राजीखुशीने एका सरदाराशी बांधून घेतलेला साथीदार. तेमुजीनची नवी फौज अशाच माणसांच्या खांद्यावर उभी राहिली.

म्हणून पाठ्यपुस्तकात चंगीझवर एकच परिच्छेद द्यायचा असेल, तर त्यात बुखारा-समरकंदची आग नको, खालचा प्रसंग असावा. तेमुजीनला पहिल्यांदा खान करताना अल्तान, खुचार आणि इतरांनी शपथ घेतली होती: लढाईच्या दिवशी तुझा हुकूम मोडला, तर आमच्या बायका-मालमत्ता हिरावून घे आणि आमची डोकी जमिनीवर टाक. अल्तान हा खुतुला खानाचा मुलगा. खुचार हा तेमुजीनच्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, आणि दारिताई तर त्याचा सख्खा चुलता. १२०२ च्या लढाईत तातारांची फळी फुटली तेव्हा हे तिघे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं तसे, लुटीकडे वळले. तेमुजीनने त्यांच्याकडचे कळप आणि हाती आलेला सारा माल काढून घ्यायला खुबिलाई आणि जेबे या दोघांना पाठवलं. हा खुबिलाई म्हणजे पुढचा सम्राट नव्हे, बारुलास कुळातला एक योद्धा. आणि जेबे हा आदल्याच वर्षी शत्रूच्या बाजूने लढलेला, तेमुजीनचा घोडा तिराने पाडलेला, ताइचिउत कुळाच्या पदरचा माणूस. खानाच्या मुलाच्या हातून त्याने कळप काढून घेतले. पुढच्या वर्षी अल्तान आणि खुचार ओंग खानाच्या बाजूला जाऊन मिळाले, आणि खालाखाल्जिदच्या वाळूत ते तेमुजीनच्या समोर उभे होते. जेबे तेमुजीनकडेच राहिला.